तुळस आणि सबजा : एका वाफ्यातल्या दोघी बहिणी

वाचकहो, आपल्या खानदेशात तापीकाठच्या एखाद्या गावी पहाटे पाऊल टाकलं, की पहिलं काय दिसतं? सडा घातलेलं अंगण, आणि अंगणात तुळस. कुठे बांधीव वृंदावन, कुठे रॉकेलच्या जुन्या डब्यात लावलेलं रोप. अहिराणी बोलणारी आजी तिला 'तुयस' म्हणेल, पण पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाही. आता त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, कबरस्तानाकडे चला. तिथेही एक सुवासिक रोप भेटतं. पान जरा रुंद, तुकतुकीत, तुरे पांढरट. हा सबजा. आपल्याकडे मुसलमान बांधव तो कबरीपाशी लावतात, दर्ग्यात फुलांबरोबर वाहतात.

ही दोन्ही रोपं सख्ख्या बहिणींसारखी आहेत, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येतं? एक अंगणात राहिली, एक कबरस्तानात गेली, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला मात्र दोघींचाही जवळजवळ विसर पडला. हे कसं घडलं, त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. तुळशीची काडी बोटांत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी लागते. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं येतात. सबज्याची काडी घ्या, तीच गत. पुदिन्याची घ्या, मरव्याची घ्या, तेच. हे सगळं एकच कुटुंब. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली वनस्पतींची मोठी यादी छापली. तीत त्यानं सबज्याला जे नाव दिलं, त्याचं मूळ 'राजा' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. पुढे १७६७ साली त्यानं आपल्या तुळशीला 'पवित्र' या अर्थाचं लॅटिन नाव दिलं. एक बहीण राजघराण्यातली, दुसरी देवघरातली, अशी वाटणी कागदावरही झाली म्हणायची!

पण आपल्याकडे ही वाटणी पहिल्यापासून होती का? नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसावा अध्याय अन्नपदार्थांचा आहे. धान्यं, डाळी, मांस, भाज्या, फळं असे त्यात वर्ग पाडले आहेत. त्यातच 'हरितवर्ग' म्हणून एक वर्ग येतो. जेवताना तोंडी लावायच्या, अन्नाला चव आणि वास आणणाऱ्या हिरव्या जिनसांचा हा वर्ग. या यादीत आलं आहे, मुळा आहे, धने-कोथिंबीर आहे, कांदा आहे, लसूण आहे, आणि यांच्याच पंगतीला 'सुरसा' बसली आहे. सुरसा म्हणजे आपली तुळस. खोकला, उचकी, दमा यांवर ती गुणकारी, आणि दुर्गंध घालवणारी, असं तिथे सांगितलं आहे. शेजारीच 'अर्जक' येतो. त्यालाही पुष्कळ वैद्य याच कुळातला मानतात.

विचार करा वाचकहो. आज ज्या कांदा-लसणाला चातुर्मासात घराबाहेर बसवतात, त्यांच्या मांडीला मांडी लावून एके काळी तुळस जेवणाच्या ताटात होती. चव आणि औषध यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

पुढे तुळशीचा मान वाढत गेला. वृंदेची कथा पुराणांत आली, विष्णूच्या पूजेत तुळशीवाचून चालेना, आणि पंढरीच्या विठ्ठलाच्या गळ्यात तर तिचाच हार आला. आपला मुलूख या वाटेवर मागे नव्हता. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई तापीकाठी मेहूण येथे इ. स. १२९७ मध्ये अंतर्धान पावली, अशी परंपरा आहे. आजही आषाढीसाठी मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादहून निघते. महिनाभराची ती वाट. उन्हापावसात चालणाऱ्या बाया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. गळ्यात माळ तुळशीच्या काष्ठाची. इतका मान मिळालेल्या पानाला कढईत कोण टाकणार? एखाद्या वस्तूवरचा हक्क सोडायचा झाला, तर आपण तिच्यावर तुळशीपत्र ठेवतो. इथे स्वयंपाकघरानं खुद्द तुळशीवरच तुळशीपत्र ठेवलं!

मात्र सगळाच हक्क सुटला नाही. नैवेद्याच्या ताटावर पान राहिलं, तीर्थाच्या पळीत राहिलं, आणि सर्दी-पडशाच्या दिवसांत आलं, गवती चहा आणि तुळस यांचा काढा उकळत राहिला. त्यालाही कारण आहे. तुळशीच्या पानात युजेनॉल नावाचं तेल असतं. लवंगेला जो तिखट, गरम वास आहे, तो याच द्रव्याचा. म्हणून काढ्यात ती शोभते.

आता धाकटीकडे वळू. 'सबजा' हा शब्द फारसी आहे. 'सब्ज' म्हणजे हिरवा. पण नाव फारसी म्हणून रोप परकं समजू नका. संस्कृत निघंटूंत 'बर्बरी' नावानं जी वर्णिली आहे, ती हीच. नाव मात्र फारसीच रुळलं, आणि आपल्या खानदेशात ते चटकन कळण्यासारखं आहे. इ. स. १३८२ च्या सुमारास मलिक राजा फारुकी यानं तापीकाठच्या थाळनेरला, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, आपली सत्ता उभी केली. फारुकी घराण्याच्या कबरी थाळनेरला अजून आहेत. १६०१ साली अकबराच्या फौजेला असीरगड मिळाला आणि हे राज्य संपलं. दोनशे वर्षांहून अधिक काळ इथे फारसी जाणणारा दरबार होता. बाजारातले, बागेतले किती तरी शब्द अशा दरबारांच्या काळात मराठीत मिसळून गेले.

इराणात हा सबजा, तिकडचा 'रैहान', ताज्या पानांच्या ताटलीत पुदिन्याशेजारी असतो, आणि लोक तो रोटीबरोबर कच्चाच खातात. आपल्याकडे पानं मागे पडली, बी तेवढं पुढे आलं. फालुद्यात जे काळं, बुळबुळीत बी लागतं, ते या सबज्याचं. बाजारात त्याला तुकमराईही म्हणतात. बियांवर एक थर असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि प्रत्येक बीभोवती पारदर्शक गोळी तयार होते. एक चमचा बी पेलाभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवावं, नीट फुगल्यावरच सरबतात घालावं. कोरडं बी तोंडात टाकू नये, घशात अडकतं. हल्ली चिया नावाचं मेक्सिकोकडचं बीही दुकानांत मिळतं. ते करडं, ठिपकेदार असतं. सबजा काळाभोर. घेताना पारख करावी.

या दोघी बहिणींचं जगभर असंच चाललं आहे. ग्रीसच्या खेड्यांत सबज्याची कुंडी दाराशी ठेवतात. तिथल्या ख्रिस्ती देवळांत त्याच्या डहाळीनं तीर्थ शिंपडतात. आपल्या तुळशीचीच आठवण यावी! इटलीत चौदाव्या शतकात बोकाचिओनं एक कथा लिहिली. भावांनी मारलेल्या प्रियकराचं मस्तक एक मुलगी कुंडीत पुरते, वर सबजा लावते आणि आसवांनी त्याला शिंपते. म्हणजे मरणाशी या रोपाचं नातं तिकडेही जोडलं गेलं. पण त्याच इटलीतल्या जिनोआ शहरात बाया हीच पानं लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज आणि तेल घालून खलात कुटतात. आणि थायलंडात तर चक्क तुळशीचीच पानं मिरची-लसणाबरोबर कढईत परतून भाताशी खातात. एकच पान, कुठे देवाला, कुठे मयताला, कुठे पोटाला.

आपल्याकडेही मरणाच्या वेळी तोंडात तुळशीपत्र ठेवतात. गावाच्या एका टोकाला तुळशीचं पान, दुसऱ्या टोकाला सबज्याचं रोप. आपल्या गेलेल्या माणसाला सुगंधाची सोबत असावी, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच आहे.

मग आपण काय करावं? तुळशीला फोडणीत घाला, असं मी म्हणणार नाही. जो मान पिढ्यान् पिढ्या दिला, तो राहू द्या. द्वादशीला पान तोडू नये, सूर्यास्तानंतर हात लावू नये, हे जे नियम आहेत त्यांचं धार्मिक कारण काहीही असो, त्यांच्यामुळे रोपाला विसावा मिळाला. ओरबाडण्याची सवय लागली नाही, एवढं खरं. पण धाकटीला पुन्हा स्वयंपाकघरात आणायला काय हरकत आहे? तिच्या पानाचा वास लवंगेसारखा उग्र नाही. बडीशेपेकडे झुकणारा, गोडसर आहे. जेवणात तो सहज मिसळतो.

आपल्या वर्षाच्या चक्रातच तिला जागा करून देता येईल. आखाजीपासून सुरुवात करा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, घागरीवर डांगर ठेवून पितरांना पाणी दिलेलं असतं, आणि ऊन तर असं की पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. तेव्हा लिंबाच्या सरबतात भिजवलेला सबजा घाला. मृगाचा पाऊस पडला की परसात, मोरीच्या पाण्यावर, चिमूटभर बी फेका. माती अगदी पातळ पसरा, बी खोल पुरू नका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. मंजिरी दिसली की तीही खुडा. एकदा फुलं धरली की पानांची वाढ मंदावते आणि त्यांचा कोवळेपणा जातो.

श्रावण-भाद्रपदात पानं भरपूर येतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत तुळस आणि मरवा दोन्ही असतात. पत्री गोळा करताना मुलांना हे सारं कुटुंबच दाखवा. याच दिवसांत हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि मूठभर सबज्याची पानं खलबत्त्यात ठेचून पाहा. दादरच्या भाकरीबरोबर हा ठेचा खा, आणि जिनोआच्या बाईची युक्ती आपल्या खलबत्त्यातही चालते की नाही ते सांगा.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं. ऊस, बोरं, आवळे तिच्यापुढे मांडले जातात, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरच ते खायला घेतात. कांदेनवमीपासून चातुर्मासात पाळलेला कांदा-वांग्याचा नेम कुणी इथे सोडतात, कुणी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. मग काय विचारता! भालोद-बामणोदकडची हिरवी मोठी वांगी कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजली जातात, लाकडी दांड्यानं ठेचली जातात. मिरची-लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर पडते, आणि शेजारी कळण्याची भाकरी येते. त्या भरितावर शेवटी सबज्याची चारदोन पानं हातानं तोडून टाका. शेवटीच टाका. या पानाचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो, फार वेळ विस्तवावर राहिला की वाफेबरोबर निघून जातो. उडदाच्या वरणात किंवा खिचडीत घालायचं, तरी भांडं खाली उतरवल्यावरच.

थंडी वाढली की रोप आखडतं. तेव्हा काही तुरे वाळू द्यावेत आणि चोळून बी काढून घ्यावं. थोडं सरबताला, थोडं पुढच्या मृगाला. उरलेली पानं सावलीत वाळवून बरणीत भरावीत. ताज्या पानाची सर त्यांना नाही, पण ताकात चुरून टाकायला पुरतात. असं हे वर्ष फिरून पुन्हा आखाजीपाशी येतं.

ही शिफारस एका चटणीपुरती नाही. चरकाच्या यादीत ज्या पानाची बहीण कांदा-कोथिंबिरीशेजारी होती, ते आज शहरातल्या हॉटेलात परदेशी नावानं ताटात येतं, आणि आपण त्याला परकं समजून दाम मोजतो. त्याच वेळी ते आपल्याच शिवारात उभं असतं आणि आपली मुलं त्याला ओळखत नाहीत. ओळख सुटली की बी ठेवणारं कुणी उरत नाही, आणि बी गेलं की आजीचं ज्ञानही गेलं. म्हणून या पावसाळ्यात शाळेच्या आवारात दोन वाफे करा. एकात तुळस, एकात सबजा. मुलांना दोन्ही काड्या बोटांत फिरवू द्या. दोन्ही चौकोनी लागतील. मग सबज्याची थोडी पानं घरी न्यायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी विचारा, 'काय रे, आईनं कशात घातली?'