हुकूमशाहीतील चिली आणि ‘पातेआंदो पिएद्रास’: एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
इतिहासलेखनात शासकीय दप्तरे व वृत्तपत्रे ही प्रमुख साधने मानली जातात. परंतु जेथे वृत्तपत्रांवर नियंत्रण असते, तेथे सामान्य जनतेचे मन कोठे शोधावे? प्रस्तुत लेखात चिलीतील ‘लोस प्रिसिओनेरोस’ या रॉक वाद्यवृंदाच्या 1986 मधील ‘पातेआंदो पिएद्रास’ (दगडांना लाथाडत) या गीतसंग्रहाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथविले व जनरल पिनोचेत यांची राजवट सुरू झाली. त्याच महिन्यात लोकगायक व्हिक्तोर हारा यांची हत्या झाली. पुढे मुक्त बाजारपेठेचे धोरण राबविण्यात आले. 1982 च्या आर्थिक अरिष्टात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 14 टक्क्यांनी घटले, कारखाने बंद पडले आणि बेकारी प्रचंड वाढली. याच सुमारास सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपवून विद्यार्थीसंख्येनुसार अनुदान देण्याची पद्धत आली. परिणामी श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांमधील दरी रुंदावली.

गीतसंग्रहाचे स्वरूप :
होर्हे गोन्सालेस, क्लाउदिओ नारेआ व मिगेल तापिया हे सांतियागोच्या सान मिगेल या कष्टकरी भागातील शाळासोबती होत. 1984 मधील त्यांच्या पहिल्या संग्रहात गिटारला प्राधान्य होते. या दुसऱ्या संग्रहात सिंथेसायझर व यांत्रिक तालाचा भरपूर वापर आढळतो. ‘मुएवान लास इंदुस्त्रिआस’ या गीतात यंत्रासारखा ठोका आहे, पण विषय मात्र थंडावलेल्या कारखान्यांचा आहे. ही विसंगती अर्थपूर्ण वाटते.

‘एल बाइले दे लोस के सोब्रान’ म्हणजे ‘नको झालेल्यांचे नृत्य’. शिक्षणाने सर्वांना समान संधी मिळेल या आश्वासनावर विसंबलेली, पण शाळा संपताच रस्त्यावर आलेली मुले या गीतात बोलतात. त्यांचा रोष केवळ दारिद्र्यावर नाही; आपली फसवणूक झाली, ही त्यांची खरी वेदना आहे. संग्रहाच्या शीर्षकातील रिकामटेकडी भटकंती याच तरुणांची आहे.

उत्तरकाळ :
1988 च्या सार्वमतात पिनोचेत यांचा पराभव झाला व 1990 मध्ये लोकशाही परतली; तथापि शिक्षणातील विषमता टिकून राहिली. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या भाडेवाढीवरून उसळलेल्या आंदोलनात हेच गीत हजारोंच्या मुखी होते. त्यांपैकी अनेकांचा जन्म राजवट संपल्यानंतरचा होता.

निष्कर्ष :
बेकारीचे आकडे अरिष्टाची व्याप्ती सांगतात. अपेक्षाभंगाची तीव्रता मात्र अशा गीतांतूनच कळते. अर्थात गीत हा निःपक्षपाती पुरावा नव्हे, म्हणून त्याची अन्य साधनांशी पडताळणी आवश्यकच आहे. तरीही वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणते आश्वासन देतो आणि त्यातले किती पाळले जाते, हा या संग्रहाने उपस्थित केलेला प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःलाही विचारावा असा आहे.