किंबर्ली : एका खड्ड्याचा हिशेब

हिऱ्यांची खाण म्हटले की आपल्याला गोवळकोंडा आठवतो. खरे तर गोवळकोंड्याला खाण नव्हती. तिथे किल्ला होता आणि बाजार होता. खाणी कृष्णाकाठी, कोल्लूरसारख्या गावांत होत्या. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तोपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः आपल्या देशाने. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा तो प्रसिद्ध ‘नासक’ हिरा, जो 1818 साली इंग्रजांच्या हाती पडला, तोही गोवळकोंड्याकडचाच समजतात. पण आज ज्याला आपण हिऱ्यांचा धंदा म्हणतो, कंपन्या, शेअर, बाजारात माल किती सोडायचा याचे गणित, तो सगळा जन्मला दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावात. लेक-जावई जोहान्सबर्गला असल्यामुळे ते गाव पाहण्याचा योग आला. स्मरणिका समितीने ‘काका, काहीतरी लिहाच’ असा धोशा लावला, तेव्हा हाच विषय घेतला. त्याचे कारण पुढे येईलच.

जोहान्सबर्गहून मोटारीने पाच-सहा तास. रस्ता उत्तम, दोन्ही बाजूंना पिवळे, उघडे माळरान. गाव तसे शांत आणि रुंद रस्त्यांचे. 1882 साली इथल्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, दक्षिण गोलार्धात सर्वांत आधी, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आणि गावाच्या मधोमध तो खड्डा. नावही तेच, ‘बिग होल’.

खड्ड्यावर पुढे काढलेला एक लोखंडी सज्जा आहे. त्यावर उभे राहून खाली पाहिले आणि सौभाग्यवतींनी माझा दंड घट्ट धरला. तोंड 17 हेक्टरचे, रुंदी 463 मीटर. उघड्यावर खोदत हे लोक 240 मीटर खाली गेले, म्हणजे आपली सात मजली ‘ए’ विंग दहा-अकरा वेळा एकावर एक ठेवावी तेवढे. आता दगडमाती आणि पाणी भरल्यामुळे त्यातले 175 मीटर दिसते. तळाशी हिरवेगार पाणी. खाण 1914 साली बंद झाली, तोवर 2 कोटी 25 लाख टन माती काढली आणि त्यातून 2,722 किलो हिरे मिळाले. सवयीप्रमाणे मी खिशातल्या कागदावर भागाकार केला. एका ग्रॅममागे आठ टनांहून जास्त माती!

इथे पूर्वी खड्डा नव्हता, उलट टेकडी होती. जमीन डी बिअर आडनावाच्या दोन शेतकरी भावांची. जुलै 1871 मध्ये टेकडीवर हिरे सापडले आणि माणसांचा लोंढा आला. भावांनी कंटाळून सुमारे सहा हजार पौंडांना शेत विकले आणि ते निघून गेले. पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या हिरे कंपनीला त्यांचे नाव मिळाले, त्यांना मात्र त्यातला एक शेअरही नाही.

टेकडीचे 31 फूट बाय 31 फूट असे तुकडे पाडले. त्याला ‘क्लेम’ म्हणत. असे 470 च्या आसपास क्लेम होते. हिशेब केला तर एक क्लेम 961 चौरस फुटांचा, म्हणजे आपल्याकडचा बऱ्यापैकी टू-बीएचके. सुरुवातीचा नियम असा की एका माणसाला दोनपेक्षा जास्त क्लेम घेता येणार नाहीत. जाण्यायेण्यासाठी मधून रस्ते, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मालकांनी थोडी थोडी जागा सोडायची. थोडक्यात, शेकडो सभासदांची एक सोसायटीच.

आता बघा कसे झाले. एकाने वीस फूट खोदले, शेजाऱ्याने साठ. मधले रस्ते ढासळले, गाड्या आणि खेचरांसकट. दोनेक वर्षांत सगळे रस्ते खाली बसले. मग काठावर मचाणे बांधून तिथून प्रत्येकाच्या क्लेमपर्यंत तारेचे दोर ताणले. त्या काळच्या छायाचित्रांत सबंध खड्ड्यावर कोळ्याचे जाळे विणल्यासारखे दिसते. पिवळी माती संपली, खाली निळसर कठीण दगड लागला. काहींना वाटले हिरे संपले, त्यांनी विकून पळ काढला. हिरे त्या निळ्या दगडातच होते. आज शास्त्रज्ञ त्या दगडाला गावाच्याच नावावरून ‘किंबरलाइट’ म्हणतात.

खोली वाढली तशी दोन दुखणी सुरू झाली. कडेचे खडक कोसळू लागले आणि पाणी साचू लागले. ही दोन्ही सामाईक कामे! एकट्याने पाणी उपसून काय उपयोग, शेजाऱ्याचे आपल्याकडे येणारच. (आपल्या ‘बी’ विंगच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.) म्हणून 1874 मध्ये क्लेमवाल्यांचे माइनिंग बोर्ड स्थापन झाले. बोर्डाने सर्वांकडून कर घ्यायचा आणि ही कामे करायची. कर थकू लागले. ज्याच्या क्लेमवर दरड पडली तो म्हणे, माझे काम बंद, मी का भरू? ज्याच्यावर पडली नाही तो म्हणे, माझे काय नुकसान झाले? बोर्डाने बँकांकडून कर्ज काढले. 1883 मध्ये बोर्डाचे दिवाळे निघाले.

दरम्यान दोन क्लेमची मर्यादा 1874 मध्ये दहावर गेली आणि 1876 मध्ये ती उठवलीच. कंपन्या निघाल्या. 1881 साली शेअरचे असे वेड लागले की विचारू नका. बँकांनी हे शेअर तारण म्हणून घेणे बंद केले आणि भाव धाडकन कोसळले. मोठे मासे टिकले, छोटे बुडाले.

आणि या सगळ्यात वर कोण आला? पाणी उपसण्याचा ठेकेदार! सेसिल ऱ्होड्स, इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. अठराव्या वर्षी इथे आला आणि भागीदाराबरोबर पंपाचे ठेके घेऊन त्याने क्लेम जमवले. 1888 मध्ये त्याने डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स ही कंपनी उभी केली. किंबर्ली सेंट्रल ही प्रतिस्पर्धी कंपनी तिच्यात विलीन करायची, तर सेंट्रलचे काही शेअरहोल्डर कोर्टात गेले आणि जिंकले. ऱ्होड्सने दुसरी वाट काढली. सेंट्रलच दिवाळखोरीविना गुंडाळायची आणि तिची मालमत्ता विकत घ्यायची. त्यासाठी 18 जुलै 1889 रोजी लिहिलेला चेक 53,38,650 पौंडांचा. किंबर्लीवरच्या पुस्तकांत त्याचे छायाचित्र छापलेले असते. साध्या शाईने, हाताने भरलेला. मी आयुष्यभर चेक पाहिले, पण हा बराच वेळ पाहत राहिलो.

या चेकवर ज्यांची नावे नाहीत ते मजूर. फावडे मारणारे बहुतेक सगळे काळे, पेडी, सोथो, त्सोंगा, दूरदूरहून चालत आलेले. आधी त्यांच्यातही क्लेमचे मालक होते, पण 1872 च्या फर्मानाने ती वाट जवळजवळ बंद केली आणि मजुरांवर पास लादले. 1885 पासून त्यांना ‘कंपाउंड’मध्ये कोंडण्यात आले. करार संपेपर्यंत बाहेर जायचे नाही, खरेदी आतल्याच दुकानात, हिरे बाहेर फेकता येऊ नयेत म्हणून वर जाळी. सुटका होण्याआधी काही दिवस नागवे ठेवून, जुलाब देऊन तपासणी! गोऱ्या कामगारांची अंगझडती घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी 1884 मध्ये संप केला, गोळीबारात माणसे मेली, पण झडतीतून ते बरेचसे सुटले. काळ्यांची झडती चालू राहिली. पर्यटकांच्या फिल्ममध्ये हे येते, पण घाईघाईने. चमचमणाऱ्या हिऱ्यांच्या दालनात लोक जास्त वेळ थांबतात.

1912 च्या ऑक्टोबरात आपले नामदार गोखले गांधीजींबरोबर या गावी येऊन गेले. त्याच दौऱ्यात कोकणी मुसलमान आणि मराठी मंडळींपुढे ते मराठीतून बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. त्याच वर्षी किंबर्लीत राहणारे सोल प्लाटजे हे संपादक आफ्रिकी लोकांच्या नव्या राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले सरचिटणीस झाले. त्यांचे घर एंजल स्ट्रीटवर आहे. हिरे पाहून झाल्यावर तिकडे जरूर जावे.

गावाबाहेर जुन्या खाणींच्या मातीचे ढिगारे अजून आहेत. गरीब लोक तिथे चाळणी घेऊन राहिलेसाहिले हिरे शोधतात. वर्षानुवर्षे ते चोर ठरत होते, पोलीस हाकलत होते. 2018 मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड होऊन त्यांतल्या काही शेकडो जणांना कायदेशीर परवानगी मिळाली, आणि त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. हे ऐकल्यावर मी कान टवकारले, तशी लेक म्हणाली, ‘बाबा, आता त्यांचा ताळेबंद मागू नका. अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय.’