दहा टक्क्यांचा हिशेब

वाचकहो, गवत टोळ खातो, टोळाला बेडूक खातो आणि बेडकाला साप, ही अन्नसाखळी आपण शाळेतच शिकलो. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सुमारे दहा टक्केच ऊर्जा पोहोचते, हेही आपण उत्तरपत्रिकेत लिहिले. पण हा हिशेब मांडणाऱ्याला काय सोसावे लागले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

साखळीत वर जावे तसतशी प्राण्यांची संख्या घटते, हे चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली दाखवून दिले. मात्र त्याने गणती केली ती प्राण्यांची. ऊर्जेचा जमाखर्च मांडला तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रेमंड लिंडमन या तरुणाने. सीडर बॉग नावाच्या लहानशा, उथळ तळ्यावर त्याने अनेक वर्षे वनस्पती, किडे व गाळ यांचे नमुने गोळा केले. त्याची पत्नी एलेनॉर या कामात त्याच्या बरोबर होती.

हिशेब असा निघाला: तळ्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या हजारांपैकी जेमतेम एक भाग वनस्पती साठवतात. त्यातील १३.३ टक्के वनस्पतिभक्षकांकडे जातो आणि त्यांच्याकडून २२.३ टक्के मांसभक्षकांकडे. बाकीची ऊर्जा श्वसनात खर्च होते, न खाल्लेली राहते किंवा न पचता मातीत जाते. म्हणूनच साखळीच्या पायऱ्या चार-पाचांहून फारशा वाढत नाहीत आणि जंगलात हरणे पुष्कळ, वाघ मोजके असतात.

ध्यानात घ्या, येथे नेमका दहाचा आकडा कोठेच नाही. दहा टक्के ही पुढे रूढ झालेली ढोबळ सरासरी होय. निसर्गाचा अटळ कायदा नव्हे.

लिंडमनने हा शोधनिबंध 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे पाठवला. पुरावा तुटपुंजा, तर्क फार, असे म्हणून दोन नामवंत परीक्षकांनी तो नाकारला. तेव्हा येल विद्यापीठातील त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी संपादकांना पत्र लिहून त्याची बाजू मांडली. संपादक टॉमस पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून सुधारलेला निबंध स्वीकारला. १९४२ च्या ऑक्टोबरात तो छापून आला. पण लिंडमन तो पाहू शकला नाही. यकृताच्या विकाराने २९ जून १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो निवर्तला होता.

आज परिसरविज्ञानाचा पाया म्हणून हा निबंध जगभर अभ्यासला जातो. वाचकहो, आपणांपैकी अनेकजण शिक्षक आहेत, पालक आहेत. एखाद्या विद्यार्थ्याची वही अपुरी म्हणून बाजूला सारण्यापूर्वी हचिन्सन यांचे ते पत्र जरूर आठवावे.