पितळी वाद्यांचा हसरा संसार

पितळी वाद्यपंचक म्हणजे दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्राँबोन व एक ट्यूबा अशा पाच वाद्यांचा लहानसा वृंद. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नाची वरात किंवा गावच्या सणाची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. पाश्चात्त्य देशांत मात्र असे पंचक सभागृहात, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर वादन करते. या गंभीर व्यवसायाला विनोदाची जोड कशी मिळाली, याचा येथे आपण परिचय करून घेणार आहोत.

१९७० साली कॅनडातील टोरांटो येथे ट्यूबावादक चक डेलेनबाख व ट्राँबोनवादक जीन वॉट्स यांनी ‘कॅनेडियन ब्रास’ हे पंचक स्थापन केले. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन यांनी भांडार भरून ठेवले आहे. पितळी पंचकासाठी तसे फारसे काहीच नव्हते. शिवाय केवळ पितळी वाद्ये दोन तास ऐकण्यास येणारा श्रोताही तयार करावयाचा होता. पहिल्या अडचणीवर त्यांनी रूपांतराचा उपाय शोधला. ट्रम्पेटवादक फ्रेड मिल्स यांनी बाखची ऑर्गनसाठी लिहिलेली डी मायनरमधील ‘टोकाटा आणि फ्यूग’ ही रचना पाच वाद्यांत बसविली. दुसऱ्या अडचणीवर उपाय होता हास्य.

हे वादक काळा औपचारिक पोशाख करीत आणि पायांत पांढरे धावण्याचे बूट घालीत! पडदा वर जाण्याची वाट न पाहता सभागृहाच्या मागील दारातून ‘जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी’ या भक्तिगीताचे सूर वाजवीत ते श्रोत्यांमधून चालत येत. हे गीत न्यू ऑर्लिन्स येथील अंत्ययात्रांत वाजविले जाते. तेथे दफनभूमीकडे जाताना बँड संथ, शोकमग्न वाजतो आणि परतताना तोच द्रुत लयीत नाचरा होतो. पुनरुत्थानावरील श्रद्धेची ही एक बोलकी अभिव्यक्ती आहे, असे आम्हांस वाटते.

दोन रचनांमध्ये वादक श्रोत्यांशी गप्पा मारतात, एकमेकांची थट्टा करतात. यामागे एक शारीरिक कारणही आहे. पितळी वाद्याचा नाद ओठांच्या कंपनातून निर्माण होतो आणि ओठांचे स्नायू लवकर थकतात. व्हायोलिनवादकाप्रमाणे सलग तासभर वाजविणे येथे दुरापास्त. म्हणून एकजण बोलत असता इतर चौघांच्या ओठांना विसावा मिळतो.

वाद्यांमुळेही विनोद घडतातच. श्वासातील उष्ण वाफ थंड नळीत निवते व पाणी साचते. ते काढले नाही तर स्वर गुरगुरू लागतो. यासाठी ट्रम्पेट व ट्राँबोनला लहानशी झडप असते; हॉर्नवादकाला मात्र आपले वाद्य गोल गोल फिरवून पाणी ओतावे लागते. हॉर्नची गुंडाळलेली नळी उलगडली तर सुमारे पावणेचार मीटर भरेल, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कसरतीचे कारण कळते. ‘हे लोक मंचावर थुंकतात’ हा पहिल्या रांगेतील श्रोत्यांचा समज बराचसा गैर आहे. ते बहुतांशी पाणीच असते.

ऑस्ट्रियातील ‘म्नोझिल ब्रास’ या सात जणांच्या वृंदाने विनोदाची परिसीमा गाठली. १९९२ साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या या वृंदाने आपले नाव संगीत विद्यालयाजवळच्या म्नोझिल नामक खाणावळीवरून घेतले. सारा कार्यक्रम तोंडपाठ. त्यामुळे स्वरलिपीचे स्टँड नाहीत आणि नाटिका, नृत्य, मूकाभिनय यांना मंच मोकळा! लिओनहार्ड पाउल हे त्यातील वादक हातापायांनी एकाच वेळी अनेक वाद्ये चालवितात. हे केवळ विदूषकी चाळे नव्हेत. स्वर किंचितही घसरला तर विनोदही घसरतो, म्हणून अशा कार्यक्रमाला तालीम अधिकच लागते.

अशा थट्टेने संगीताचे गांभीर्य उणावते, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो पटत नाही. सोळाव्या शतकात जोव्हान्नी गाब्रिएली यांनी व्हेनिसच्या संत मार्क मंदिरासाठी समोरासमोरच्या सज्ज्यांतून वाजविता येईल असे भव्य पितळी संगीत रचले. ‘कॅनेडियन ब्रास’ने ते न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील मोठ्या वाद्यवृंदांतील प्रमुख वादकांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रित केले आहे. पांढऱ्या बुटांना हसण्यासाठी आलेला श्रोता त्याच बैठकीत गाब्रिएलीही ऐकून जाई.

फ्रेड मिल्स २००९ साली मोटार अपघातात निधन पावले. पंचकातील वादक अनेकदा बदलले. डेलेनबाख यांनी मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ आपला ट्यूबा सोडला नाही.