मुळशीचे पाणी आणि विजेचा हिशेब

आपल्यासारख्या विकसनशील देशांत विजेचा इतिहास बहुधा मेगावॉटच्या आकड्यांत सांगितला जातो. धरण केव्हा पूर्ण झाले, संच किती बसले, गिरण्या किती चालल्या, एवढी नोंद झाली की इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. या नोंदींतून निसटलेली बाजू पाहण्यासाठी आम्ही येथे मुळशीचे उदाहरण घेतले आहे.

सह्याद्रीची रचना जलविद्युतेला विलक्षण अनुकूल आहे. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड. तेथील नद्या मात्र पूर्वेकडे संथपणे उतरत जातात. त्यांचे पाणी माथ्यावरच अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडले, तर थोड्याच अंतरात पाचशे मीटरांहून अधिक उतार मिळतो. जमशेटजी टाटांनी मनाशी बाळगलेली ही योजना त्यांच्या निधनानंतर साकार झाली. १९१० साली कंपनी स्थापन झाली. संस्थानिकांनी व व्यापाऱ्यांनी भांडवल दिले. आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. दुरून आणाव्या लागणाऱ्या कोळशावरचे परावलंबन कमी झाले. देशी भांडवलाचे हे यश होते, यात शंका नाही.

याच मालिकेतील पुढचे धरण मुळशी पेट्यात, मुळा नदीवर योजिले गेले. सुमारे पन्नास गावे त्याच्या झळीत येणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट ही मंडळी त्यात उतरली. बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद येथेच लाभले. 'जान किंवा जमीन' ही तेथील घोषणा होती. पण राष्ट्रीय पुढाऱ्यांपुढे पेच होता: विरोध परकीय सरकारच्या भूसंपादनाला करायचा, तर तो स्वदेशी उद्योगालाही होत होता.

लढा मोडण्याचे एक महत्त्वाचे कारण मात्र या पेचाहून साधे आहे. पेट्यातील पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. कसणारे निराळे होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्याची किंमत ठरत होती, ती कागदावरच्या हक्काची. सावकारांना चांगला मोबदला म्हणजे तोटा नव्हता. त्यांनी तो पत्करला आणि एकजूट फुटली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामावरील रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले आणि १९२७ मध्ये कोकणातील भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. जलाशयाकाठच्या वाड्यांना मात्र दिव्यासाठी पुढे कित्येक दशके थांबावे लागले.

हा प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणेल. कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकरांवर सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला. २०१९ च्या अखेरीस त्याची क्षमता २,०५० मेगावॉट झाली. तेथे जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहते व त्याला दर वर्षी भाडे मिळते. मुळशीच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा होय. परंतु भाडे मिळते ते सातबाऱ्यासारख्या कागदावर नाव असणाऱ्याला. त्याच रानात मजुरी करणाऱ्याचे, गुरे चारणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. काम गेले तरी त्याच्या वाट्याला भाडे येत नाही.

पाणी असो वा ऊन, ऊर्जेला जागा लागते, आणि जागेवर मालकाखेरीज इतरही माणसे जगत असतात. वीज नको, असे आमचे म्हणणे नाही; हे शब्दही आम्ही विजेच्याच दिव्याखाली लिहीत आहोत. एवढेच म्हणणे आहे की मोबदल्याची यादी करताना जमीन कोणाची, याबरोबरच त्या जमिनीवर पोट कोणाचे, हेही विचारले जावे. मुळशीत तो प्रश्न विचारला गेला नाही, आणि पावगड्यातही त्याचे उत्तर अर्धेच मिळाले आहे.