सुट्टीत फिरायला जाताना मनगटावर कोणतं घड्याळ असावं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बीडकडच्या पोरांचे मेसेज सुरू होतात. "दादा, दोन हजारांत कोणतं स्मार्टवॉच घेऊ? फिरायला चाललोय." मी आधी उलटं विचारतो. कुठं चाललाय, किती दिवस, आणि तिथं रोज चार्जिंगला पिन मिळणार का? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण ऑनलाइन जाहिरातीत स्क्रीनचा आकार आणि वॉच फेसची संख्या मोठ्या अक्षरात असते, बाकीचं खाली बारीक. प्रवासात मात्र ते बारीक अक्षरातलंच कामाला येतं. म्हणून हा लेख.

फोन आहे की, मग घड्याळ कशाला?

बरोबर आहे, घरी आणि ऑफिसात घड्याळाशिवाय काही अडत नाही. पण सहलीला निघालं की फोनच तिकीट असतो, फोनच पाकीट, कॅमेरा आणि नकाशाही तोच. त्यातच वेळ पाहायला दिवसातून शंभर वेळा स्क्रीन उघडायची आणि उघडल्यावर दहा मिनिटं रील बघायच्या. शिवाय डोंगरात रेंज कमी झाली की फोनचा रेडिओ टॉवरला धरून राहण्यासाठी जास्त ताकद लावतो. खिशात नुसता पडलेला फोनही मग शहरापेक्षा लवकर उतरतो.

पाटोदा तालुक्यातलं सौताडा घ्या. विंचरणा नदीचं पाणी दरीत कोसळतं आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार घ्या, तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. एका ठिकाणी दरी, दुसऱ्या ठिकाणी गर्दी. दरीत सिग्नल पोचत नाही, आणि गर्दीत सिग्नलच्या चार दांड्या दिसत असूनही कॉल लागत नाही, कारण एकाच टॉवरवर सगळे तुटून पडलेले असतात. अशा वेळी "बरोबर साडेचारला गाडीपाशी" हे आधी ठरवून ठेवणं, याच्याइतकं खात्रीचं तंत्रज्ञान मला अजून सापडलेलं नाही. त्यासाठी फक्त प्रत्येकाकडे वेळ हवी. आमच्या घरात आई यात्रेत फोन पिशवीच्या तळाशी ठेवते, पण घड्याळ हातात असतं. ठरल्या जागी सगळ्यांच्या आधी तीच पोचलेली असते.

पहिली परीक्षा: चार्जिंग

प्रवासासाठी घड्याळ निवडताना मी सगळ्यात आधी बॅटरी बघतो. स्वस्त स्मार्टवॉचवर "७ दिवस बॅटरी" लिहिलेलं असतं. ते खोटंच असतं असं नाही, पण तो आकडा ब्लूटूथ कॉलिंग बंद, स्क्रीन सतत चालू ठेवण्याची सोय बंद आणि नोटिफिकेशन मोजक्याच, अशा वापराचा असतो. कॉलिंग चालू ठेवलं की सातचे दोन-तीन दिवस होतात. दुसरी अडचण चार्जरची. फोन आता बहुतेक टाइप-सीवर आले, पण घड्याळांच्या चुंबकी चार्जरला असा एकच साचा नाही. पिनांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर कंपनीगणिक बदलतं. चार्जर घरी राहिला तर लॉजवाल्याकडे किंवा मोबाइलच्या दुकानात तो मिळेल याची आशा धरू नका. तीन दिवसांनंतर मनगटावर नुसती काळी काच राहते.

याच्या अगदी उलट टोकाला कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं डिजिटल घड्याळ आहे. १९८९ मध्ये ते बाजारात आलं आणि अजून विकलं जातंय. वजन २१ ग्रॅम, आत सीआर २०१६ हा बटण सेल, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार तो साधारण ७ वर्षं चालतो. महिन्याला फरक जास्तीत जास्त ३० सेकंद. ही जादू क्वार्ट्झच्या स्फटिकाची. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे सर्किटने तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना असलं काही दिसलं की दिवस चांगला जातो.

गावातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पुढचे काही महिने कोपीत काढतात. त्यांच्या हातात मी पाहिलेली घड्याळं बहुतेक अशीच, सेलवरची. ज्यांना प्लगची खात्री नाही, त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय.

एफ-९१डब्ल्यू घेताना नकली माल सांभाळा, फार आहे. खालचं उजवं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की अस्सल घड्याळात आकड्यांच्या जागी कंपनीचं नाव उमटतं. दुकानातच दाबून बघा.

पाणी: इथं सगळे फसतात

तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असलं म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं, असं नाही. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे, म्हणजे ३ एटीएम. प्रत्यक्षात हात हलतो, पाणी आदळतं, आणि त्या क्षणापुरता दाब वाढतो. म्हणून व्यवहारात ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं. पोहायला ५ एटीएमच्या खाली जाऊ नका, आणि कोकणात समुद्रात उतरायचं असेल तर १० एटीएम बघा. खरं डायव्हिंग करणाऱ्यांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं मानक आहे, आपल्याला ते लागत नाही.

स्मार्टवॉचवर याऐवजी बहुधा आयपी ६७ किंवा आयपी ६८ असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची आयपी ६८ घड्याळं सारखी नसतात. आता यातली खरी गोम ऐका. ७ आणि ८ ही बुडवून ठेवण्याची चाचणी आहे, फवाऱ्याची नाही. जोरात येणाऱ्या धारेची चाचणी ५ आणि ६ या आकड्यांखाली वेगळी होते, आणि ८ मिळालं म्हणून ६ आपोआप मिळत नाही. कपिलधारला धबधब्याखाली उभं राहणं म्हणजे बुडणं नव्हे, ती वरून पडणारी धार आहे. तेव्हा आयपी ६८वालं घड्याळ बादलीत टिकेल आणि धबधब्याखाली पाणी पिईल, हे अगदी शक्य आहे. नुसतं आयपी लिहिलेलं घड्याळ धबधब्याखाली जाताना काढून ठेवा.

गरम पाणी आणि साबण हे आणखी दोन शत्रू. झाकणाखाली रबराची बारीक रिंग असते, ती उष्णतेने आणि साबणाने हळूहळू निकामी होते. पाण्यात असताना बटणं दाबू नका, आत शिरायला पाण्याला तीच वाट सोपी. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने घड्याळ खळखळून घ्या.

जीपीएस आहे, पण कुणाचा?

इथं एकच शब्द तपासायचा. खोक्यावर "कनेक्टेड जीपीएस" असेल तर घड्याळात जीपीएस नाही, ते फोनचा वापरतंय. फोन बंद, तर मार्गही बंद. घड्याळाच्या आतच जीपीएस असेल तर वर्णनात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि किंमत वाढते. तोही सौताड्यासारख्या दरीत थोडा भरकटतो, कारण उभ्या कड्यांमुळे बरेच उपग्रह झाकले जातात आणि काही सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतात. पडल्यावर आपोआप कॉल करणारी सोयही तशीच, फोन जवळ नसेल आणि घड्याळात स्वतःचं सिम नसेल तर तिचा उपयोग नाही. रक्तातला ऑक्सिजन वगैरे आकडे गंमत म्हणून बघा, त्यावर औषध ठरवू नका.

वेळ एकच, पण संध्याकाळ वेगळी

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून ठरते. बीड साधारण ७५.७५ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे चालतो. पूर्वेला जाताना हे उलटं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर बीडला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास. घड्याळ तेच, पण मेघालयात "पाच वाजेपर्यंत खाली उतरू" असं ठरवलंत तर अंधारात उतराल. घड्याळाला लाइट आहे का, तो किती चांगला आहे, हे म्हणून बघायचं. एफ-९१डब्ल्यूचा हिरवा दिवा, खरं सांगायचं तर, फारच मिणमिणता आहे.

देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी: नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं, दुबई दीड तास मागे, थायलंड दीड तास पुढे. परळीच्या वैजनाथाचं दर्शन झाल्यावर पशुपतिनाथाला निघालेल्या मंडळींना ती १५ मिनिटं हमखास गोंधळात टाकतात. स्मार्टवॉच फोनकडून वेळ घेतं, त्यामुळे फोनमध्ये वेळ आपोआप बदलण्याची सोय चालू असली की झालं. साध्या घड्याळात दोन वेळा हव्या असतील तर कॅसिओचंच एई-१२०० बघा. जगातल्या ४८ शहरांच्या वेळा, १०० मीटर पाणी आणि १० वर्षांचा सेल. माझं मत विचाराल तर फिरण्यासाठी एफ-९१डब्ल्यूपेक्षा हेच सरस, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आणि एक काम आजच करा, घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर टाका. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा रेल्वेशी पहिल्यांदा रोजचा संबंध आला. रेल्वे २४ तासांत बोलते. तिकिटावर १५ तारीख आणि ००:१० अशी वेळ असेल, तर ती गाडी १४ तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर जायची गाडी आहे. १५ च्या रात्री गेलात तर ती कालच गेलेली असते. एसटीच्या सवयीत वाढलेल्या माणसाला हे पटकन ध्यानात येत नाही.

पट्टा, आजोबांचं घड्याळ आणि बाकीचं

कातडी पट्टा प्रवासात नको. घाम आणि पावसाने तो वास मारायला लागतो. रेझिन किंवा सिलिकॉन चालतं, पण रात्री काढून मनगट कोरडं करा, नाहीतर पुरळ येतं. कापडी पट्टा मला सगळ्यात आवडतो, धुऊन वाळवता येतो. त्यातही एकसंध पट्टी घड्याळाच्या पाठीमागून जाणारा घ्या, म्हणजे एका बाजूची पिन निघाली तरी घड्याळ दरीत जात नाही.

आजोबांचं चावीचं एचएमटी घालून फोटो छान येतात हे मान्य. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये एचएमटीने भारतात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. हरवलं तर आजोबांचं तेच घड्याळ परत मिळायचं नाही, आणि पाण्यापुढे ते टिकायचंही नाही. लग्नाला घाला, धबधब्याला नको. लग्नात मिळालेलं सोनेरी घड्याळही यात्रेच्या गर्दीत कपाटातच बरं.

स्मार्टवॉच आधीच घेतलेलं असेल तर नवं घ्यायला पळू नका. निघताना कॉलिंग आणि सतत चालू स्क्रीन बंद करा, चार्जर पॉवर बँकेलाच रबराने बांधून ठेवा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

सेलवरचं जुनं घड्याळ घेऊन जाणार असाल तर सेल निघण्याच्या आदल्या दिवशी बदलू नका, आठवडाभर आधी बदला. सुभाष रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात दहा मिनिटांचं काम आहे, पण झाकण लावताना रबराची रिंग नीट बसवली का, झिजलेली असेल तर बदलली का, हे समोर उभं राहून विचारा. एकदा उघडलेल्या झाकणावरचे ५० मीटर त्या रिंगच्या जिवावर असतात. मग फोनच्या वेळेशी सेकंद जुळवून लावा आणि सात दिवसांनी पुन्हा ताडून बघा. दहा-पंधरा सेकंदांच्या आत फरक असेल तर घालून निघा.