पत्त्याच्या कोपऱ्यातला आकडा

पत्त्यांच्या जोडातली कोणतीही अठ्ठी हातात घ्या. पानाच्या मधोमध आठ बदाम आहेत आणि कोपऱ्यात आठचा आकडा, तोही इंग्रजी. एकच गोष्ट दोनदा का सांगितली आहे? आपण लहानपणापासून बदाम सात आणि भिकार-सावकार खेळत आलो, पण हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पहिली-दुसरीला गणित शिकवणाऱ्यांनी मात्र तो स्वतःला जरूर विचारावा.

युरोपात पत्ते पोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यानंतर कित्येक शतके इंग्लंड-फ्रान्समधल्या साध्या पानांवर फक्त चिन्हे असत. ती मोजायची, किंवा सवयीने ओळखायची. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचेही परंपरेने तसेच. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० पाने. गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी एक्क्याला मारते, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का दश्शीला! मोठ्या मुलांना हा खेळ दाखवण्याजोगा आहे.

पत्त्यांचा आणि अंकगणिताचा संबंध जुनाच आहे. फ्रेंच लेखक राब्ले यांच्या १५३४ च्या सुमारास निघालेल्या ‘गार्गांत्युआ’ या कादंबरीत नायकाला शिकवताना जेवणानंतर पत्ते आणवले जातात. पण जुगारासाठी नव्हे, तर अंकगणितातल्या नाना युक्त्या शिकण्यासाठी.

कोपऱ्यातला आकडा आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचा शाळेशी काही संबंध नव्हता. पाने पंख्यासारखी पसरून एका हातात धरली की फक्त कडा दिसतात. तेवढ्यावरून पान ओळखता यावे, एवढाच हेतू. अमेरिकेत १८७० च्या दशकात अशी पाने ‘स्क्वीझर्स’ या नावाने विकली जात. खेळणाऱ्यांच्या या सोयीमुळे शिक्षकांच्या हाती मात्र एक उत्तम साधन आले.

हे आम्हाला कळले ते एका चुकीमुळे. पत्ते वर्गात नेणे बरे दिसणार नाही, म्हणून आम्ही पुठ्ठ्याची पाने घरीच कापली आणि त्यांवर नुसते आकडे लिहिले. खेळ साधा होता: दोघांनी एकेक पान उलटायचे, मोठे पान असेल त्याने दोन्ही घ्यायची. चार-पाच मुले भराभर खेळली. बाकीची पान उलटून आमच्या तोंडाकडे पाहत बसली. ज्यांना आकडा अजून बोलत नव्हता, त्यांच्यासाठी त्या पुठ्ठ्यावर काहीच नव्हते. पुढच्या आठवड्यात गुलाम, राणी, राजा काढून ठेवून आम्ही खरे पत्ते नेले. आता तीच मुले बदामांवर बोट ठेवून मोजू लागली. शेजारचा आकडा वाचत होता, हा मोजत होता, आणि डाव दोघांचा एकच होता.

चिन्हांची मांडणीही नीट पाहावी. सत्तीत तीन-तीनच्या दोन रांगा आणि मध्ये एक. अठ्ठीत त्याच रांगा आणि मध्ये दोन. नव्वीत चार-चारच्या रांगा व एक, दश्शीत चार-चार व दोन. काही दिवसांनी मूल नऊ वेळा बोट टेकवत नाही. ‘चार, आठ, नऊ’ असे म्हणते. त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

पत्त्यांना वर्गात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत कॉन्स्टन्स कामी यांचे नाव घ्यावे लागेल. पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या या विदुषींनी पहिलीच्या शिक्षिका जॉर्जिया डीक्लार्क यांच्यासह लिहिलेले पुस्तक १९८५ मध्ये अमेरिकेत निघाले. सरावाच्या छापील कागदांऐवजी खेळ, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या ‘दुहेरी लढाई’त प्रत्येकाने दोन पाने उलटायची आणि ज्याची बेरीज मोठी त्याचा डाव. कागदावर चुकले की शिक्षकांच्या लाल शाईची वाट पाहावी लागते. इथे पाने जाणार असतात, म्हणून समोरचाच भिडू लगेच हरकत घेतो. मग वाद होतो, पुन्हा मोजले जाते. अशा वेळी आपण निकाल देण्याची घाई करू नये, हे आम्हाला सर्वांत अवघड गेले.

एकाच वर्गात तीन जोड्यांना तीन प्रकारची पाने देता येतात. एका जोडीला चौकीपर्यंतचीच, दुसरीला दश्शीपर्यंतची, तिसरीला दुहेरी लढाई. तिथे आमच्या एका मुलीने पंजी-तिर्री समोर पंजी-दुर्री आलेली पाहून बेरीज न करताच पाने ओढली. भिडूने अर्थातच तक्रार केली. ‘पंजी दोघांकडे आहे ना!’ एवढेच ती म्हणाली.

पालकांचा आक्षेप येतोच. ‘शाळेत पत्ते?’ म्हणत एक आजोबा दारात उभे राहिले, ते तास संपेपर्यंत उभेच होते. जाताना त्यांनी विचारले, काढून ठेवलेल्या राण्यांचे काय करता? तेव्हा काहीच करत नव्हतो. आता राणीला शून्य मानतो, कारण पत्त्यांत शून्याचे पान नसते.